मधली सुटी आणि शाळेचा दरवाजा

मीरा रोड येथील एका माध्यमिक शाळेत वादविवादाच्या स्पर्धेस परीक्षक म्हणून जाण्याचा योग मागील वर्षी आला. विषय होता, 'नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांस मधल्या सुटीत शाळेबाहेर जाण्याची मोकळीक असावी काय?' विषय वाचून प्रथम मनात थोडी निराशाच उत्पन्न झाली. स्वातंत्र्य, भाषा, विज्ञान ह्यांवर एके काळी विद्यार्थी वाद घालीत. आता डबा कोठे खावा ह्यावर घालणार! परंतु अनुकूल पक्षाचा एक मुलगा उभा राहिला आणि त्याने कोणताही अलंकार न वापरता एवढेच सांगितले की, आमच्या वर्गाच्या खिडकीतून माझ्या घरची स्वयंपाकघराची खिडकी दिसते. आईने कुकर लावला की त्याची शिटी मला वर्गात ऐकू येते. घर चार मिनिटांच्या वाटेवर आहे. पण मधल्या सुटीत मी तेथे जाऊ शकत नाही, आणि सकाळी सहाला भरलेली पोळीभाजी थंड खातो. सभागृहात हशा पिकला. मुलगा मात्र हसला नाही, आणि मलाही हसू आले नाही. परत येताना गाडीत बसल्यावर इतिहासाच्या अध्यापकास सुचावयाचा तोच प्रश्न मला सुचला: हा दरवाजा बंद केव्हा झाला?

आपल्यापैकी पुष्कळांची अशी समजूत असते की शाळा म्हणजे आवार, आवार म्हणजे भिंत, आणि भिंत म्हणजे दरवाजा. वस्तुतः आपल्या जुन्या शाळेस ह्यांपैकी काहीच नव्हते. पंतोजीची शाळा एखाद्या देवळाच्या ओवरीत, कोणा सावकाराच्या पडवीत, नाही तर पंतोजीच्याच ओसरीवर भरे. सकाळी उजाडताच मुले धूळपाटी घेऊन येत, उन्हे चढली की जेवावयास घरी जात, आणि दुपार कलल्यावर पुन्हा येऊन बसत. तेथे मधल्या सुटीचा प्रश्नच उद्भवत नसे, कारण शाळेचे दोन भाग होते आणि त्या दोहोंच्या मध्ये घर होते. पंतोजीची छडी कडक असेल, पण ती दुपारच्या जेवणास आडवी येत नव्हती.

हा क्रम मोडला तो इंग्रजी घड्याळाने. सरकारी कचेरी ज्या वेळी भरे त्याच वेळी इंग्रजी शाळा भरू लागली. अकरा ते पाच हा वेळ ह्या देशाच्या उन्हाला, येथील शेतीला किंवा येथील चुलीला पाहून ठरविलेला नव्हता. तो कारकुनाचा वेळ होता, आणि पुढे कारकून होणाऱ्या मुलांस त्याची सवय लागावी ह्यात एक प्रकारची सुसंगती होती. मराठी कुटुंबाने ह्या नव्या घड्याळाशी तडजोड केली ती अशी, की जेवणच पुढे ओढले. दहा वाजता गरम वरणभात जेवून मुलगा शाळेत जाई, आणि पाचला परत आल्यावर काही तोंडात टाकी. तेव्हा दोन-अडीचच्या सुमारास होणारी मधली सुटी ही जेवणाची सुटी नव्हेच. पाणी प्यावे, पाय मोकळे करावे, एखाद्या पैशाचे फुटाणे किंवा बोरे घ्यावी, इतक्यासाठी ती होती. ही गोष्ट लक्षात न घेता 'आमच्या वेळी आम्ही कोठे बाहेर जेवावयास जात होतो?' असे आजचे आजोबा विचारतात, तेव्हा ते विसरतात की ते जेवूनच निघालेले असत. आणि फुटाण्यांसाठी ते बाहेर जात होतेच!

लोकमान्य टिळकांच्या बालपणाची शेंगांची गोष्ट महाराष्ट्रातील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. वर्गात टरफले पडलेली मास्तरांना दिसली. टिळकांनी सांगितले, मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफले उचलणार नाही. दर वर्षी १ ऑगस्टला ही गोष्ट हजारो शाळांच्या व्यासपीठांवरून सांगितली जाते, आणि तीतून करारीपणाचा धडा दिला जातो. त्या शेंगा वर्गात आल्या कोठून, हे मात्र आजवर कोणी विचारलेले नाही. भाषण संपताच तेच मुख्याध्यापक दरवाजावरील शेंगावाल्यास हाकलून देण्याचा हुकूम करतात, हा निराळा विनोद.

घर जवळ असणाऱ्या मुलाची सोय अशी झाली. ज्याचे घर दूर खेड्यात होते, त्याचे काय? पुण्यासारख्या गावी विद्येसाठी आलेल्या गरीब मुलाने वार लावून जेवावे, किंवा झोळी घेऊन माधुकरी मागावी, ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्याही पूर्वार्धात सर्रास चालू होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात घरांचे सात वार मिळविणे हे त्या मुलाचे पहिले शिक्षण असे. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी पाणी पिऊन अभ्यास करावयाचा. ह्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने पाहिले असता सारे शहरच शाळेची खानावळ होते. त्याला बाहेर जाऊ द्यावे काय, असे विचारणे म्हणजे त्याने शिकावे काय, असे विचारण्यासारखे होते. १९०९ साली पुण्यास अनाथ विद्यार्थी गृह निघाले ते ह्याच मुलांच्या पोटाची विवंचना पाहून.

परंतु ह्या चित्राने हुरळून जाण्याचे कारण नाही. माधुकरीचा दरवाजा कोणास उघडा होता? मुख्यतः ब्राह्मणाच्या मुलास. कुणब्याचा, माळ्याचा, महाराचा मुलगा झोळी घेऊन सदाशिव पेठेत गेला असता तर त्याला काय मिळाले असते, हे सांगावयास नको. म्हणूनच १९०१ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरास व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे जातीजातींची वसतिगृहे उभी करविली. म्हणूनच भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केल्यावर १९२४ साली साताऱ्यास असे वसतिगृह काढले, की ज्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एका पंक्तीस जेवत. मुलाच्या जेवणाची जागा कोठे, हा प्रश्न ह्या दोन पुरुषांनी जितका गंभीरपणे घेतला तितका आमच्या शिक्षणशास्त्रज्ञांनी क्वचितच घेतला असेल.

साताऱ्याचे नाव निघाल्यावर आणखी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी हायस्कुलात एका नऊ वर्षांच्या मुलाचे नाव दाखल झाले. तो दिवस २०१७ सालापासून महाराष्ट्र शासन विद्यार्थी दिवस म्हणून पाळीत आहे. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या नावाच्या आपल्या इंग्रजी आठवणींत बाबासाहेबांनी लिहिले आहे की, इतर मुलांस तहान लागली तर ती मास्तरांची परवानगी घेऊन नळावर जात आणि पाणी पीत. त्यांना मात्र परवानगी पुरेशी नव्हती. नळास हात लावता येत नसल्यामुळे तो उघडून देण्यासाठी शाळेचा शिपाई हजर असावा लागे. शिपाई नसेल तर पाणी नाही. पुढे मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलात असतानाचा प्रसंग धनंजय कीर ह्यांनी चरित्रात नमूद केला आहे. फळ्यावर गणित सोडविण्यास मास्तरांनी भीमरावांस बोलाविले, तोच वर्गातील मुले फळ्याकडे धावली. कारण त्यांचे फराळाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते, आणि भीमरावांचा हात फळ्यास लागण्यापूर्वी ते दूर करणे त्यांना अवश्य वाटले.

मी हा प्रसंग पुष्कळ वेळा वाचला आहे. दर वेळी अस्पृश्यतेचा दाखला म्हणूनच वाचला; परंतु त्या मुलाच्या कुकरच्या शिटीनंतर वाचला तेव्हा त्यातील डबे प्रथमच डोळ्यांसमोर आले. मुंबईच्या शाळेत त्या वेळी डबे येऊ लागले होते, वर्गातच ठेवले जात होते, आणि मधल्या सुटीत कोणी कोणाशेजारी बसून खावे हे ठरलेले होते. १८९० साली महादू हावजी बच्चे ह्यांनी मुंबईत डबे पोहोचविण्याचा जो धंदा सुरू केला, त्याचे गिऱ्हाईक मुख्यतः कचेरीतील नोकरदार असले तरी शाळेतील मुलांचे डबेही त्या हातगाड्यांतून जात. विरारपासून मुंबईपर्यंतच्या ज्या लोहमार्गावर १८६७ साली पहिली उपनगरी गाडी धावली, त्याच मार्गाने आजही उपनगरांतील डबे दक्षिणेकडे जातात. म्हणजे मुलगा घरी जाऊ शकत नाही तर घराने मुलाकडे जावे, अशी ही युक्ती. तिच्यात प्रेम आहे ह्यात संशय नाही. परंतु डब्यातून घराबरोबर घराची सोवळीही शाळेत येतात, ही गोष्ट एल्फिन्स्टनच्या फळ्याने दाखवून दिली आहे. बाहेरचा दरवाजा बंद करून सर्वांस आत बसविल्याने सर्व मुले समान होतात असे जे म्हटले जाते, ते ह्या एका प्रसंगाने खोटे पडते. आणि उलट पक्षी हेही खरे, की भीमरावांस कोणी दरवाजा उघडून दिला असता तरी साताऱ्याच्या रस्त्यावर त्यांना पाणी कोणी पाजले असते? सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा आणि धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या कराव्या, असा सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत व्हावयास १९२३ चा ऑगस्ट उजाडावा लागला, आणि त्याची अंमलबजावणी करवून घेण्यासाठी १९२७ साली महाडास चवदार तळ्यावर जावे लागले.

आता दरवाजाच्या दुसऱ्या अर्थाकडे वळू. वंगभंगाच्या चळवळीत विद्यार्थी रस्त्यावर आले तेव्हा सरकारास प्रथमच असे वाटू लागले की, शाळेच्या वेळात मुलगा कोठे असतो हा राज्यकारभाराचा प्रश्न आहे. १९०५ साली बंगाल्यात कार्लाईल ह्यांचे परिपत्रक निघाले. १९०७ साली हिंदुस्थान सरकारचे सचिव रिस्ले ह्यांचे निघाले. रिस्ले ह्यांच्या पत्रकात महाविद्यालयीन तरुणांपुरती थोडीफार सवलत होती. शाळेच्या मुलांस मात्र राजकीय सभेस जाण्याचीच मनाई होती. ह्या पत्रकांनी मधल्या सुटीविषयी काही सांगितले नव्हते. पण मुलगा दृष्टीआड झाला की तो काही तरी करील, ही भीती तेव्हापासून शाळेच्या चालकांच्या मनात रुजली, आणि ती परक्या राज्याबरोबर गेली नाही. १९४२ च्या सप्टेंबरात नंदुरबारास शिरीषकुमार मेहता व त्याचे सोबती मिरवणुकीत गोळीबारास बळी पडले. शिरीषकुमारास सोळावे वर्षही पुरे झालेले नव्हते. त्या मुलांची स्मारके आपण उभारली, हे योग्यच झाले. पण ज्या वयाच्या मुलास आपण हुतात्मा म्हणून वंदन करतो, त्याच वयाच्या मुलास चार मिनिटांच्या वाटेवर घरी जाऊन भात खाण्याइतकी अक्कल नाही असे मानतो, ह्यातील विसंगती माझ्या विद्यार्थ्यांस मी नेहमी दाखवितो. ते हसतात, आणि मग आपापल्या धाकट्या बहिणींस एकटे बाहेर सोडू नये असे गंभीरपणे सांगतात.

इतका प्रवास करून पुन्हा मीरा रोडला येऊ. काशी आणि मिरे ह्या गावांची नावे जोडून झालेले काशीमिरा, भाईंदरची मिठागरे, उत्तनची कोळी वस्ती आणि देवळे, असा हा एके काळचा विरळ मुलूख. १९८५ साली येथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. १९९१ च्या शिरगणतीत मीरा-भाईंदरची वस्ती पावणेदोन लाख होती. २००१ साली ती सव्वापाच लाखांच्या घरात गेली आणि २०११ साली आठ लाखांच्या पलीकडे. वीस वर्षांत साडेचार पट! शांतीनगर, नयानगर अशा वसाहतींत इमारतीस इमारत लागली, आणि त्यांच्याच मध्ये, पुष्कळदा त्यांच्याच सारख्या दिसणाऱ्या इमारतींत, शाळा निघाल्या. मैदान बेताचे, वर्ग भरलेले, त्यामुळे एक शाळा सकाळची आणि तीच इमारत दुपारी दुसऱ्या मुलांची, हा क्रम ओघानेच आला. सकाळी सातला भरणाऱ्या शाळेतील मुलगा जेवून येत नाही; तो चहा-बिस्किटावर येतो. मधली सुटी वीस-पंचवीस मिनिटांची. म्हणजे अकरा ते पाचच्या शाळेत जी सुटी फुटाण्यांपुरती होती, तीच आता दिवसातील पहिल्या खऱ्या अन्नाची वेळ झाली आहे, आणि तिची लांबी मात्र फुटाण्यांपुरतीच राहिली. ह्या एका बदलाकडे वादविवादातील सोळाही वक्त्यांचे दुर्लक्ष झाले. त्यांना दोष कसा द्यावा? त्यांच्या मुख्याध्यापकांचेही झाले आहे.

सरकारने काहीच केले नाही असे मात्र नाही. इंग्लंडात १९०६ साली शाळेतील मुलांस जेवण देण्याचा कायदा झाला आणि १९४४ साली ते स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले. आपल्याकडे मद्रास नगरपालिकेने १९२० च्या सुमारास एका शाळेत जेवण देऊन पाहिले. पुढे कामराज ह्यांनी १९५६ पासून ती योजना प्रांतभर नेली. केंद्र सरकारची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी आली, आणि तिच्यातील कोरड्या धान्याऐवजी शिजविलेले अन्नच द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. आपल्या शाळांतील खिचडी ती हीच. परंतु ती आठवीपर्यंत. नववीत गेलेल्या मुलाची भूक एका उन्हाळ्याच्या सुटीत नाहीशी होते, असा सरकारचा समज असावा. सरकारी व अनुदानित शाळेतील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलास आत शिजलेले अन्न नाही आणि बाहेर जाण्याची परवानगी नाही. ज्याच्या आईस पहाटे पाचच्या गाडीने धुण्याभांड्यांच्या कामास जावे लागते त्याच्याजवळ डबाही नसतो. तो सुटीत जिन्यात उभा राहून मित्रांशी मोठमोठ्याने बोलतो, म्हणजे कोणी विचारू नये.

प्रतिकूल पक्षाचे म्हणणे मी हलके लेखीत नाही. मीरा-भाईंदर रस्त्यावर दुपारीही वाहनांची जी रीघ असते, तीतून दोनशे मुले एकदम बाहेर सोडणे कोणाही मुख्याध्यापकास धास्ती वाटावी असेच आहे. काही झाले तर पालक शाळेस धरणार, वर्तमानपत्रे शाळेस धरणार. शिवाय बाहेर काय मिळते? वडापाव हा बिचारा सर्वांत निरुपद्रवी. तंबाखू शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकू नये असा २००३ चा कायदा आहे. अति चरबी, मीठ व साखर असलेले पदार्थ शाळेच्या दरवाजापासून पन्नास मीटरांच्या आत विकू नयेत असा २०२० चा नियम आहे. हे नियम पाळले गेले असते तर बाहेरचा रस्ता शाळेच्या उपाहारगृहाइतकाच सात्त्विक झाला असता. ते पाळले जात नाहीत म्हणून मुलांस कोंडावयाचे, हा न्याय विलक्षण आहे. गुन्हा टपरीवाल्याचा आणि कैद विद्यार्थ्यास!

आणि बंद दरवाजाच्या आत सर्व कुशल असते काय? २०२४ च्या ऑगस्टात बदलापूर येथील शाळेत दोन लहान मुलींवर जो अत्याचार झाला तो दरवाजाच्या आत झाला. त्यानंतर शाळाशाळांत कॅमेरे बसविण्याचे आदेश निघाले. कॅमेरे असावेत; पण भिंत म्हणजे रक्षण, ही जी आपली श्रद्धा आहे तिचा पाया किती कच्चा आहे हे त्या महिन्यात महाराष्ट्रास दिसले.

माझे मत विचाराल तर ते असे. आठवीपर्यंतच्या मुलांस बाहेर सोडू नये. त्यांना आत गरम अन्न मिळते, ते चांगले करून द्यावे. नववी व दहावीच्या ज्या विद्यार्थ्यांचे घर जवळ आहे त्यांना, पालकांनी लेखी संमती दिल्यास, घरी जाऊन जेवून येण्याची मोकळीक द्यावी, आणि त्यासाठी सुटी पंचवीस मिनिटांची पाऊण तास करावी, शाळा वीस मिनिटे उशिरा सुटली तरी चालेल. नुसते रस्त्यावर भटकण्यास मोकळीक नको. आणि ही सवलत द्यावयाची तर मुलगा आणि मुलगी ह्यांत भेद करता कामा नये. भाऊ घरी जाऊन गरम जेवणार आणि बहीण शाळेत थंड पोळी खाणार, असा नियम झाला तर मी प्रतिकूल पक्षास मत देईन. ज्यांना घर दूर आहे किंवा घरी कोणी नाही, त्यांच्यासाठी आठवीची खिचडी दहावीपर्यंत नेणे हाच उपाय, आणि तो खर्चाचा आहे हे मला ठाऊक आहे.

एक शिक्षिका मला म्हणाल्या, "सर, घरी गेलेली मुले परत येणार नाहीत." काही येणार नाहीत, हे खरे. पण जो मुलगा केवळ कुलपामुळे शाळेत आहे, तो तिसऱ्या तासानंतर शाळेत असतो काय, हे त्या बाईंस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असावे. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या की कुकरची गोष्ट सांगणारा तो मुलगा गणितात चांगला आहे.

स्पर्धेत पहिले पारितोषिक प्रतिकूल पक्षाच्या एका मुलीस मिळाले. मीच दिले, तिचे भाषण खरोखरच सर्वांत चांगले बांधलेले होते. पारितोषिके वाटून बाहेर पडलो तेव्हा मधली सुटी चालू होती. पहारेकऱ्याने माझ्यासाठी दरवाजाचे लहान दार उघडले आणि लगेच लावून घेतले. शेजारी लोखंडी गजांपाशी एक बाई उभी होती. तिच्या हातातील स्टीलचा डबा गजांच्या मधून जात नव्हता. म्हणून तिने झाकण काढले, आणि भाताचा एकेक कप्पा वेगळा करून आत दिला. आतल्या मुलाने कप्पे पुन्हा एकावर एक रचले आणि तेथेच, गजांना पाठ लावून, उभ्याने जेवावयास सुरुवात केली. बाई त्याचे होईपर्यंत पदराने वारा घेत बाहेर थांबली होती.